पाचजणींचा गट पंधरवड्यात उभा राहत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये रिओ द जानेरोत रिदमिक जिम्नॅस्टिक्सची, म्हणजे चेंडू, हूप (कडं), रिबन असं साहित्य हातात घेऊन संगीतावर करायच्या जिम्नॅस्टिक्सची, जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. गटाच्या ऑल-अराउंड प्रकारात, म्हणजे दोन्ही रूटीनच्या (संगीतावर बसवलेल्या सादरीकरणांच्या) एकत्रित गुणांवर, सुवर्ण जपानला मिळालं, रौप्य ब्राझीलला आणि कांस्य स्पेनला. यात विशेष काय, हे समजायला एकच वर्ष मागे जावं लागतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकसाठी जपानचा गट पात्रच ठरला नव्हता. ब्राझील तिथे पात्रता फेरीत नववा आला आणि स्पेन दहावा. अंतिम फेरीत आठच गट जातात, म्हणजे दोघेही उंबरठ्यावरून परतले. ब्राझीलची तर एक मुलगी दुसऱ्या रूटीनच्या तोंडावर जायबंदी झाली आणि तशीच मैदानावर उतरली, कारण ऑलिंपिकमध्ये गटात पाचच जणी असतात, सहावी नसते.

पॅरिसमध्ये हरलेल्यांनी वर्षभरात जादू केली, असा याचा अर्थ कुणी काढू नये. या देशांनी गट मोडला नाही, इतकंच. जपानचा गट २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकलाही पोहोचला नव्हता. त्यानंतर त्यांनी क्लबांकडून जमवाजमव करण्याची जुनी पद्धत सोडली, देशभरातून चाचणी घेऊन मुली निवडल्या, त्यांना एकत्र ठेवलं आणि सरावासाठी महिनोन्महिने सेंट पीटर्सबर्गला पाठवलं. ब्राझीलचा गट सर्जिपे राज्यातल्या अराकाजू शहरात एकत्र सराव करतो. तिथल्या मुख्य प्रशिक्षक कामिला फेरेझिन स्वतः ब्राझीलच्या गटातून खेळलेल्या आहेत आणि दशकाहून अधिक काळ त्याच गटामागे उभ्या आहेत. पॅरिसमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या चीनच्या गटाच्या प्रशिक्षक सुन दान या २००८ च्या बीजिंगमधल्या रौप्यपदक विजेत्या गटातल्या. १९९६ पासून ऑलिंपिकमध्ये गट प्रकार आहे, आणि युरोपबाहेरच्या देशाला त्यात सुवर्ण मिळालं ते थेट २०२४ मध्ये.

भारताने रिदमिक जिम्नॅस्टिक्सवर खर्च करायचाच असेल तर तो आधी गटावर करावा, असं आमचं म्हणणं आहे. सात-आठ मुली, एक ठिकाण, एक सभागृह, बारा महिने. आज आपण नेमकं याच्या उलट करतो. वैयक्तिक प्रकारात एखादी गुणी मुलगी क्लबच्या आणि आईवडिलांच्या बळावर वर येते, स्पर्धा तोंडावर आली की निवड चाचणी होते, मग दोन-तीन आठवड्यांचं शिबिर, आणि परत आल्यावर जो तो आपापल्या गावी.

गुणी मुलींची वानवा कधीच नव्हती. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत पूजा सुर्वे, अक्षता शेटे, क्षिप्रा जोशी या महाराष्ट्राच्या मुली भारताकडून खेळल्या. २०१८ मध्ये गोल्ड कोस्टला हैदराबादची मेघना रेड्डी होती, २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला जम्मूची बवलीन कौर. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ठाण्याची संयुक्ता काळे सर्वोत्तम महिला खेळाडूच्या सन्मानाच्या मानकऱ्यांपैकी एक ठरली. ठाणे, जम्मू, हैदराबाद अशी बेटं तयार झाली आहेत आणि ती तिथल्या प्रशिक्षकांच्या चिकाटीने झाली आहेत. पण बेटांना जोडणारा पूल नाही. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताकडून जिम्नॅस्टिक्सच्या सगळ्या प्रकारांत मिळून एकटी प्रणती नायक उतरली, तीही व्हॉल्ट, बीम अशा उपकरणांवरच्या आर्टिस्टिक प्रकारात.

आता गटच का, हा प्रश्न. वैयक्तिक प्रकारात पॅरिसला २४ जागा होत्या आणि गटात १४ संघ. आकड्यांवरून वैयक्तिक सोपा वाटेल, पण पहिल्या दहात येण्यासाठी तिथे विलक्षण शरीर लागतं. पाय कानाला लावून पंजावर तीन-चार फिरक्या घेताना हातातला चेंडू घरंगळता ठेवणारी मुलगी कोणत्याही देशात दहा-वीस वर्षांतून एखादी सापडते. जर्मनीला पॅरिसची वैयक्तिक सुवर्णविजेती दार्या वारफोलोमेएव्ह सापडली, इस्राएलला टोकियोची लिनॉय अश्राम. अशी मुलगी सापडणं बऱ्याच अंशी नशिबाचा भाग असतो. गटात मात्र गुणांचा मोठा वाटा शरीराच्या लवचीकपणाऐवजी मुलींच्या आपसातल्या कामातून येतो. साहित्याची अदलाबदल, ज्याला सगळे एक्सचेंज म्हणतात, आणि एकमेकींच्या आधाराने, वरून, खालून केलेल्या कोलॅबोरेशन्स. या दोन्ही गोष्टी शिकवता येतात, मोजता येतात, तासांच्या हिशेबाने वाढवता येतात. उत्तम लवचीकता असलेल्या, पण जगातल्या पहिल्या वीसात न येणाऱ्या पाच मुली घेऊन चांगला गट बांधता येतो. त्याला फक्त वेळ लागतो, आणि तो वेळ पाचही जणींनी एकत्र घालवलेला असावा लागतो.

एकत्र घालवलेला म्हणजे किती, याचा हिशेब बसल्या जागी करता येतो. एक्सचेंजमध्ये पाचही जणी आपलं साहित्य दुसरीकडे फेकतात आणि दुसरीने फेकलेलं झेलतात. नियम कडक आहे. पाचही झेल झाले तरच ते एक्सचेंज धरलं जातं. चौघींनी अचूक झेललं आणि एकीचं हुकलं तर त्याचं मूल्य शून्य. समजा, प्रत्येक मुलगी दहातून नऊ वेळा झेलते. क्लबच्या पातळीवर ही फार चांगली कामगिरी. पण पाच जणींचे पाचही झेल एकाच वेळी जमण्याची शक्यता उरते ५९ टक्के. रूटीनमध्ये अशी चार एक्सचेंज असतील तर वीस झेल होतात, आणि वीसही जमण्याची शक्यता १२ टक्क्यांवर येते. म्हणजे आठ वेळा रूटीन केलं तर एकदा ते निर्दोष होईल. आता हाच आकडा शंभरात अठ्ठ्याण्णव करा. वीस झेलांची शक्यता ६७ टक्क्यांच्या आसपास जाते. पदकाच्या गटांमध्ये आणि बाकीच्यांमध्ये फरक आहे तो या नव्वद आणि अठ्ठ्याण्णवच्या मधला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही गटांच्या मुली सारख्याच छान वाटतात.

हे आठ टक्के शिबिरात मिळत नाहीत, कारण फेक ही एकटीची गोष्ट नसते. झेलणारी किती उंच आहे, शेवटच्या गिरकीतून ती उजव्या खांद्यावरून उठते की डाव्या, तिचा हात कुठे येतो, या सगळ्याशी फेकणारीचं मनगट जुळवून घेत असतं. जोडीदार बदलली की हिशेब जवळजवळ पहिल्यापासून सुरू. म्हणून चांगले प्रशिक्षक आधी एकेकीला जमिनीवर चिकटपट्टीची खूण करून फेकायला लावतात. साहित्य खुणेवर पडलं पाहिजे आणि झेलताना पाय हलता कामा नये. ते दहातून नऊदा जमल्यावर जोडी, चार मीटरवर, मग सहा, मग आठ. मग जोडीला तिसरी. पाचही जणी एकत्र येईपर्यंत दोन-अडीच महिने सहज जातात, आणि तोवर संगीत लावलेलंही नसतं. संगीत लागलं की सगळं पुन्हा ढासळतं, कारण आता फेक अंगाला सोयीच्या क्षणी करून चालत नाही, ती ठोक्यावर सुटावी लागते.

चूक झाली तर किती महाग पडते तेही पाहा. साहित्य हातातून सुटलं आणि जागेवरच उचललं तर अंमलबजावणीच्या गुणांतून अर्धा गुण जातो. एक-दोन पावलं टाकून उचललं तर ०.७०, तीन किंवा जास्त पावलं पळावं लागलं तर पूर्ण एक. साहित्य १३ बाय १३ मीटरच्या रेषेबाहेर गेलं तर आणखी ०.३०. वर त्या एक्सचेंजचं मूल्य गेलंच. एका घरंगळलेल्या हूपमुळे गट चार-पाच जागा खाली येतो.

साहित्य निराळं, त्याच्या तऱ्हाही निराळ्या. गटासाठी ते दर दोन वर्षांनी बदलतं. २०२५-२६ साठी एक रूटीन पाच रिबनांचं आहे, दुसरं तीन चेंडू आणि दोन हूपांचं. चेंडू किमान ४०० ग्रॅमचा असतो, तो फेकला की कुठे पडेल याचा अंदाज लागतो. रिबन वरिष्ठ गटात सहा मीटरची. पाच जणींच्या मिळून तीस मीटर साटीन एकाच मैदानावर फिरत असते. एकीच्या रिबनचं शेपूट दुसरीच्या वाटेत आलं की गाठ ठरलेली. गाठीमुळे हालचाल थांबली तर अर्धा गुण गेला. गाठ बहुतेक वेळा फेकीत पडत नाही, फेकीच्या आधी पडते. मनगट क्षणभर थांबलं, रिबनचा वेटोळा कोसळला, टोक काठीवरून ओलांडून गेलं आणि त्यावर फेक झाली. म्हणून फेकण्यापूर्वी सगळं कापड ताणून उलगडलेलं हवं, आणि त्यासाठी ठोक्याच्या आधी एक पूर्ण झोका द्यावा लागतो. मुंबई-ठाण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने साटीन जड होतं, घामट दंडाला चिकटतं. रिबनला इस्त्री करून घेणं, सराव संपल्यावर ती काठीवर घट्ट न गुंडाळता सैल ठेवणं, या बारीकसारीक गोष्टी ज्या त्या क्लबला स्वतःच शोधून काढाव्या लागतात. आणि पंखे. पंखे बंद केल्याशिवाय रिबनचा सराव होत नाही, मे महिन्यातही नाही.

सभागृहाचा प्रश्न मात्र या सगळ्यापेक्षा मोठा, आणि तो चुकीच्या बाजूने मांडला जातो. जागा नाही, असं म्हणतात. बॅडमिंटनचं एक कोर्ट १३.४ मीटर लांब आणि ६.१ मीटर रुंद असतं. शेजारी शेजारी दोन कोर्टं आणि मधली मोकळी पट्टी धरली की रिदमिकचा चौरस जवळजवळ बसतो. अशी दुहेरी कोर्टं महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा क्रीडा संकुलात नसली तरी पुष्कळ ठिकाणी आहेत. अडचण आहे छताची. हूप फेकून त्याखाली दोन गिरक्या घ्यायच्या आणि झेलायचं, तर साहित्य साधारण दोन सेकंद हवेत राहायला हवं. दोन सेकंदांसाठी ते हातापासून पाच मीटर वर जावं लागतं. हात दीड-दोन मीटरवर असतो, म्हणजे सात मीटर झाले, वर थोडी मोकळीक. छत सहा मीटरवर असेल, किंवा मध्ये लोखंडी तुळई आणि दिवे लटकत असतील, तर मुलगी नकळत १.६ सेकंदांची फेक शिकते. त्यासाठी तीन मीटर पुरतात. गिरक्या ती घाईघाईने, खांदे आखडून पूर्ण करते. मग आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या उंच सभागृहात तिला दोन सेकंदांची फेक करायला सांगतात आणि तिची सगळी लय बिघडते. साहित्य डोक्यावर असताना ती उठून वाट बघत उभी राहते. पंचांना हे लगेच दिसतं. घरी बसलेले आपण म्हणतो, दडपण आलं असेल.

म्हणून राष्ट्रीय गटाचं ठिकाण निवडताना शहराचं नाव, मंत्र्यांचा मतदारसंघ वगैरे बाजूला ठेवून आधी छताची उंची मोजावी. मग दोन कार्पेटं, एक मैदानावर आणि एक राखीव. मग दिवसाचे सहा तास, सलग, दुसऱ्या कुठल्याही खेळाशी वाटून न घेता. शेवटची अट सगळ्यांत अवघड आहे, कारण बॅडमिंटन खेळणारे पैसे भरतात.

गटावर खर्च करण्याविरुद्धचा सर्वांत वजनदार आक्षेप असा की राष्ट्रकुल स्पर्धेत रिदमिकचा गट प्रकार नाहीच. तिथे २०२२ पर्यंत सांघिक पदक असायचं, पण ते वैयक्तिक गुणांच्या बेरजेवर. मग ज्यात पदकाची संधी नाही त्यावर पैसा का घालायचा? सरकारी तर्क म्हणून हे पटण्यासारखं आहे. मोठ्या स्पर्धेला कुणाला पाठवायचं हे आपल्याकडे आशियातल्या क्रमांकावरून ठरतं, आणि क्रमांक नसलेल्या प्रकाराकडे कुणी वळून बघत नाही. पण या तर्काने गेली पंधरा वर्षं आपण वैयक्तिक प्रकारच धरून बसलो आणि त्यातही आशियाई पदकाच्या आसपास पोहोचलो नाही. उझबेकिस्तानने गट बांधला आणि पॅरिसला आशियाच्या वाट्याची जागा मिळवली, जपानला मागे टाकून. शिवाय गटातल्या मुली वैयक्तिकही खेळू शकतात. राखीव दोघी-तिघींना वैयक्तिकची तयारी करायला काहीच आडकाठी नाही. उलट्या दिशेने मात्र वाट नाही. पाच वैयक्तिक विजेत्या एकत्र उभ्या केल्या म्हणजे गट होत नाही. त्या पाचही जणी संगीतावर आपापल्या घड्याळाने चालतात.

दुसरा आक्षेप खर्चाचा. सात मुलींवर इतका पैसा घालण्यापेक्षा तो शंभर क्लबांना वाटा, असं काही प्रशिक्षक म्हणतात, आणि त्यांचं दुःख खरं आहे. आंतरराष्ट्रीय मान्यतेचे हूप आणि क्लब्ज (हातात फिरवायच्या मुद्गलासारख्या दांड्या) जपान-इटलीहून येतात. हूप प्रवासात वाकला तर तो फेकीत डगमगतो आणि फेकून द्यावा लागतो. वाटप झालंच पाहिजे. पण वर काही दिसत नसेल तर खालच्या मुली बारा-तेराव्या वर्षी खेळ सोडतात, कारण पुढे काय हे त्यांच्या आईवडिलांना दाखवता येत नाही. मल्लखांबाच्या मुलींना ते पूर्वीही दाखवता येत नव्हतं. तरी तो टिकला, कारण गावोगावी व्यायामशाळा होत्या आणि खर्च दोरीचा आणि लाकडाचा होता. इथे ती सोय नाही.

पुढे काय, याचं इटलीने दिलेलं उत्तर आपल्याला सहज उचलता येईल. मिलानजवळच्या देसिओ गावात त्यांचा गट वर्षानुवर्षं एकत्र राहत आला, आणि मुली इटालियन हवाई दलाच्या क्रीडा विभागात नोकरीला असतात. त्यांना पगार मिळतो. २००४ ला रौप्य, २०१२, टोकियो आणि पॅरिसला कांस्य, २००९ ते २०११ सलग तीन जागतिक सुवर्णं, ही सगळी त्या व्यवस्थेची फळं. आपल्याकडे रेल्वे खेळाडूंना नोकरी देते, महाराष्ट्रात सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे. पण ते पदक मिळाल्यावर. गटातल्या मुलीला पगार हवा तो पदकाच्या आधी, सतराव्या-अठराव्या वर्षी, जेव्हा घरचे विचारू लागतात की किती वर्षं अजून.

देसिओची दुसरी बाजूही लपवून चालणार नाही. २०२२ मध्ये तिथल्या माजी खेळाडूंनी रोजचं वजन, त्यावरून होणारा अपमान आणि मानसिक छळ याबद्दल जाहीर तक्रारी केल्या, आणि साऱ्या इटलीत खळबळ उडाली. एका छताखाली वर्षानुवर्षं ठेवलेल्या अल्पवयीन मुली, बाहेरचं कुणी नाही, आणि निवड एका माणसाच्या हातात, अशी रचना झाली की हे होणारच. आपल्याकडे कायम केंद्र काढायचं तर वजनकाटा प्रशिक्षकाच्या खोलीत नको. वजन-उंचीची नोंद महिन्यातून एकदा डॉक्टरने करावी आणि पाळी चुकते आहे का याची विचारपूसही त्याच डॉक्टरने करावी. हाडं ठिसूळ झालेल्या मुलीला फेकीची तंत्रं शिकवून उपयोग नसतो. पायाच्या घोट्यातला आणि कमरेतला ताणाचा फ्रॅक्चर या खेळात नेहमीचा आहे, आणि त्याच्या मुळाशी पुष्कळदा अपुरं खाणं असतं. केंद्रात पालकांना केव्हाही येता यावं. हे सुरुवातीलाच लिहून घ्यावं, तक्रार झाल्यावर नाही.

पंचांबद्दल थोडक्यात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत संघाने आपला पंच न्यायचा असतो, न नेल्यास दंड भरावा लागतो. त्यापेक्षा मोठं नुकसान असं की नियमांतला बदल आपल्याला उशिरा कळतो. नियमावली दर चार वर्षांनी बदलते, मध्ये खुलासे येत राहतात. कोणती कोलॅबोरेशन आता धरतात आणि कोणती नाही, हे पंचांच्या टेबलावर बसलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी समजतं. वरच्या श्रेणीचे दोन-तीन पंच तयार करून त्यांना केंद्राशी जोडणं परदेशी प्रशिक्षक आणण्यापेक्षा स्वस्त पडेल.

निवडीचं वय हा राहिलेला मुद्दा. २०३६ चं ऑलिंपिक आपल्याकडे यावं म्हणून देश प्रयत्न करतो आहे. ते येवो न येवो, त्या वर्षी वीस वर्षांच्या असणाऱ्या मुली २०१६ मध्ये जन्मल्या. त्या आज चौथी-पाचवीत आहेत. ठाण्यात, जम्मूत, हैदराबादेत, पुण्यात कुठल्या तरी क्लबमध्ये हूप फिरवत आहेत. त्यातल्या पंधरा-वीस जणी आत्ता निवडून सुट्ट्यांमध्ये एकत्र आणाव्यात. तेराव्या वर्षापासून कनिष्ठ गट म्हणून खेळवावं, आणि सोळाव्या वर्षी सात-आठ जणी कायम केंद्रात याव्यात. वरिष्ठ गटात खेळायला सोळावं वर्ष लागतं आणि आपल्याकडे त्याच वर्षी दहावी असते. बारा-तेराव्या वर्षी टिकलेल्यांपैकीही पुष्कळ मुली याच वळणावर खेळ सोडतात. या मुलींची दहावी मार्च २०३२ मध्ये येईल, आणि त्याच वर्षी त्या वरिष्ठ गटात पाऊल टाकतील. त्या वर्षाचं स्पर्धांचं आणि परीक्षेचं वेळापत्रक जुळवून द्यायला शिक्षण मंडळाला कुणीतरी आत्ताच पत्र लिहायला हवं.